सौनातून आल्यावर लावायचं जेल

ताउनो,

मी ओउलूला राइलीताईकडे जातेय. माशाचं सूप फ्रिजमध्ये आहे.

सौनाच्या वाफेतून आल्यावर चष्मा न लावता चार महिने तू खांद्याला जे चोळतोयस, ते दुखण्यावरचं जेल नाही. पाळी गेल्यावर मला दिलेलं इस्ट्रोजेन आहे, बायकांचं हार्मोन. काल माझ्या जेलची नळी तुझ्या हातात पाहिली. छाती ठणकते ती त्यानेच. डॉक्टरांना फोन कर आणि खरं सांग. इस्ट्रोजेनचा तोल राखायला मी प्रोजेस्टेरॉनची गोळी घेते; तुला तिची गरज नाही, नळी खाली ठेवलीस तरी पुरे.

जेल लवकर संपतं म्हणून नर्सने मलाच झापलं. मग मी पुरवून पुरवून लावत राहिले, घामाने भिजत राहिले, आणि तू पाहुण्यांसमोर हसत म्हणालास, "ही नाही बोलत, हिची हार्मोन्स बोलतायत."

रविवारी तू माझ्या गळ्यात पडून आईच्या आठवणीने रडलास. संसाराच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला जवळ घेतलंस. दोन दिवस मी त्याच आनंदात होते.

आता जेल बंद कर. मग त्या रविवारातलं तुझं स्वतःचं काही उरलं, तर कळव.

सिर्का