अण्णांच्या तोंडचं गाणं

४ फेब्रुवारी
ओकारी येते! सकाळपासून 'श्वास' नि 'ध्यास', 'साथ' नि 'हात'. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नवऱ्याने बायकोला द्यायच्या कार्डांत म्हणे अजून गोडवा हवा. अजून! आहेत त्यांनाच मुंग्या लागतील. पण खपतात. लोकांना स्वतःच्या माणसाला चार शब्द सांगता येत नाहीत, म्हणून आमचं भेटकार्डांचं दुकान चालतं. आणि त्यांचं प्रेम लिहिते कोण, तर मी. जिच्यासाठी आजवर कुणी दीड ओळ खरडली नाही.

घरी अण्णा खुर्चीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडातून फक्त "ते ते ते". आईला ते पाणी मागताहेत की संडासला जायचंय हे ओळखत बसावं लागतं.

७ फेब्रुवारी
बोलबाई आल्या होत्या. (अण्णांना बोलायला शिकवतात, म्हणून मीच ठेवलेलं नाव.) म्हणाल्या, बोलण्याच्या जागेला मार बसलाय, पण गाणं मेंदूत दुसऱ्या वाटेनेही येतं. रोजची वाक्यं साध्या चालीत बसवा, त्यांच्या डाव्या हातावर ताल देत त्यांच्याकडून म्हणून घ्या. आत्ताच करा, पुढे अवघड होत जातं.

आईने विचारलं, परत बोलतील ना? बोलबाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. आई तेवढ्यावरच चहा टाकायला उठली.

धाकट्याच्या मात्र अंगातच आलं. लग्नांतून गिटार वाजवतो, त्यामुळे स्वतःला कोण समजतो देव जाणे. ताई, शब्द तुझे, चाल माझी! म्हणजे ऑफिसात तेच, घरीही तेच.

८ फेब्रुवारी
धाकट्याला दम कुठला! स्वतःच गाणं रचून आला — "अण्णा, तुम्ही आमचं आभाळ." डोळे मिटून, मान वेळावून. मी नखं बघत बसले. अण्णांनी डाव्या हाताने पेला ढकलून दिला. धाकटा म्हणतो, भारावले. भारावले कसले, वैतागले!

मग मी बसले लिहायला. "तुमच्या सावलीत वाढलो आम्ही..." शी! कार्डच झालं. हाताला दुसरं वळणच राहिलेलं नाही. फाडून टाकलं.

१० फेब्रुवारी
बोलबाईंनी दोघांची चांगली हजेरी घेतली. म्हणाल्या, "तुमचं वडिलांवर प्रेम आहे, कळलं. पण त्यांना पाणी मागता येत नाहीये." गाणं त्यांना ऐकवायचं नव्हतंच, त्यांनी म्हणायचं होतं! आम्ही दोघे दीडशहाणे त्यांच्यापुढे आरत्या ओवाळत बसलो. तोंडात मारल्यासारखं झालं. बरं झालं.

११ फेब्रुवारी
आईला विचारलं, अण्णा तुला रोज काय काय म्हणायचे? ती भाजी चिरत होती. थांबली. मग बोटांवर मोजल्यासारखं सांगत सुटली — अगं ए, चहा थंड आहे. अगं ए, चष्मा कुठे ठेवलास. एवढं साधं कळत नाही तुला? आणखी काय, म्हटलं. तर म्हणे, "झालं की." आणि चक्क हसली.

किळस आली मला. इतक्या वर्षांच्या संसाराची जमा काय, तर चष्मा! लहानपणापासून हेच कानावर. अण्णांनी तिला एक चांगला शब्द दिल्याचं मला तरी आठवत नाही. आता कुठे या घरात शांतता आहे. आणि मी हीच किरकिर त्यांच्या तोंडात परत घालायची? का म्हणून? पाटी कोरी आहे. तोंड त्यांचं, शब्द माझे. आईला जन्मात मिळालं नाही ते एकदा तरी मिळू दे.

१४ फेब्रुवारी
लिहिलं. "दमली असशील, बस जरा, तूच माझा आसरा." हो, आहे कार्डासारखं! असू दे. कधी नव्हे ते योग्य पत्त्यावर तर जाईल.

धाकट्याने दोन सुरांत बसवलं. मी अण्णांचा हात धरून ताल दिला. आधी नुसता घशात आवाज. मग एकदम, स्वच्छ, गाऊन — "दमली असशील, बस जरा." शब्द! धाकटा ढसाढसा रडला.

आई दारात, हातात फडकं. म्हणाली, "हे कोण बोलतंय?"

अण्णाच की, म्हटलं.

"नाही. हे तू बोलतेस. बोलायला शिकवा म्हटलं होतं मी, पोपट करा नव्हतं म्हटलं."

आणि आत गेली.

१५ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. चांगलं द्यायला जावं तर ते नको! हिला आयुष्यभर ऐकायची सवयच लागलीय. जेवायला आमच्याबरोबर बसली नाही. शेवटी मीच तणतणत गेले स्वयंपाकघरात. ती ओटा पुसत होती, पुसलेलाच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "असं ते कधी बोललेच नाहीत गं. आता बोलायला लागले, तर मला वाटेल, माझा नवरा गेला नि दुसरंच कुणी खुर्चीत आणून बसवलंय."

मी फडकं घेतलं तिच्या हातातून.

१७ फेब्रुवारी
लिहून दिलं. आई सांगेल तसं. "अगं ए, चहा थंड आहे. अगं ए, चष्मा कुठे ठेवलास. एवढं साधं कळत नाही तुला." अलंकार नाही, यमक नाही. लिहिताना प्रत्येक शब्दाला दात-ओठ खात होते. धाकट्याची चाल मात्र झकास — अण्णा पूर्वी आतल्या खोलीतून हाक मारायचे ना, तीच जराशी ओढलेली.

२२ फेब्रुवारी
गातात! पहिली ओळ दोन दिवसांत आली, कपाळाला आठी घालून. आई लगबगीने चहा घेऊन पळते, तोंडभर हसू. बघवत नाही मला. ऑफिसात साहेब पुन्हा म्हणाले, बायकोचं मन जिंकेल अशी ओळ द्या. जिभेवर आलं होतं — छापा, 'चहा थंड आहे'!

२ मार्च
दिवसभर तेच गाणं. त्यापलीकडे एक शब्द नाही. भूक लागली तरी चष्मा, पाय दुखला तरी चहा. बोलबाई आज गंभीर होत्या. गाणं ही नुसती काठी आहे, म्हणाल्या. मनातला एखादा शब्द काठीशिवाय निघायला हवा होता एव्हाना. नाही निघाला तर इथेच थांबणार.

आईने ऐकून घेतलं. त्यांना दारापर्यंत सोडून आली. पण संध्याकाळी दिवा लावायचा राहिला.

म्हणजे झालं! माणूस गेला नि कटकट तेवढी उरली. आणि ती मी स्वतःच्या हाताने लिहून दिली.

३ मार्च
काही नाही. चहा, चष्मा, चहा.

६ मार्च
सकाळी अण्णांचं सुरू — "अगं ए, चहा थंड आहे." आई कप उचलायला गेली. उचलला नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि त्याच चालीत, बेसूर, पण खणखणीत गायली — "गरम होता तेव्हा प्यायला काय धाड भरली होती?"

मी गार! या घरात आई उलटून बोलली नाही कधी. तिची तीच घाबरली, पदर तोंडावर घेतला.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले. गायले नाहीत. म्हणाले —

"पुन्हा."