एझ्रा ब्रॉडनॅक्सचे नाव आणि मी कापलेले पान

मी, ओडेसा रूथ गॅटलिन, वय वर्षे चौऱ्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार सायप्रस बेंड, टेक्सास, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. चौथे कलम वाचून कोणाला माझ्या डोक्याविषयी शंका आलीच, तर त्याने तो दाखला पुन्हा एकदा वाचावा.

कलम १. चर्चच्या मागचे माझे राहते घर, परसातल्या अक्रोडासारख्या पेकानच्या झाडासह, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कॉर्लिस हिला द्यावे. घरात तिने भाडेकरू ठेवला तरी माझी हरकत नाही. घटस्फोट दिलेल्या त्या नवऱ्याला मात्र परत आणू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक चर्चमधल्या मुलांच्या पुस्तकांसाठी. रविवारच्या माझ्या टोप्या ज्या बायकांच्या डोक्यावर नीट बसतील त्यांनी न भांडता वाटून घ्याव्यात. जांभळी टोपी माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी.

कलम ३. जूनच्या सोहळ्याचे लाल सरबत ज्यात होते ते मोठे पातेले आणि ओगराळे चर्चचा कारभार पाहणारे डीकन रूफस टिलरी यांना. माझ्या सरबतात साखर कमी पडते असे ते वीस वर्षे माझ्या पाठीमागे सांगत आले आहेत. आता त्यांनी स्वतः करून बघावे.

कलम ४. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

आमच्या गावात एकोणीस जूनला गुलामी संपल्याचा १८६५ सालचा हुकूम वाचून झाला की एकेका जुन्या घरातले मोठे माणूस मंचावर येते आणि आपल्या घरातल्या पहिल्या मुक्त माणसाचे नाव घेते. त्यावर सगळा गाव "हजर!" म्हणून ओरडतो. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कोर्टातल्या साहेबांसाठी लिहिते. ब्रॉडनॅक्स घराचे नाव मात्र घेतले जात नाही. त्या हुकमाच्या दोन वर्षे आधी पाच जण नदी उतरून मेक्सिकोकडे पळणार होते. एझ्रा ब्रॉडनॅक्सने मालकाला खबर दिली आणि दोघे फासावर गेले, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तरीही ब्रॉडनॅक्स मंडळी दरवर्षी येतात आणि टेबलाच्या टोकाला बसतात. एर्नेस्टीन ब्रॉडनॅक्स घरून लाल केक करून आणते. तो न कापताच परत जातो.

१९९१ च्या जानेवारीत मी फेब्रुवारीच्या प्रदर्शनाची तयारी करत होते. आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा तो महिना, आणि चर्चची चिटणीस मीच, म्हणून इतिवृत्ताच्या जुन्या वह्या माझ्याच हाती होत्या. १८७१ सालच्या एका पानावर लिहिले होते: "बंधू प्रिन्स गॅटलिन याने मंडळीसमोर रडत कबूल केले की खबर त्याने दिली, बायकोला विकणार नाहीत या बोलीवर. मंडळीने त्यास क्षमा केली. ही गोष्ट या दाराबाहेर जाऊ नये."

प्रिन्स गॅटलिन माझे पणजोबा. त्यांचे नाव दर जूनमध्ये सर्वांत आधी घेतले जाते, आणि ते मी घेते.

मी दाढीच्या पात्याने ते पान कापले आणि घरी आणले. पणजोबांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे बायको विकली जाण्याचा प्रश्न होता. माझ्यापुढे तसले काही नव्हते. मला मंचावरची पहिली जागा सोडवली नाही, एवढेच.

तीन वर्षांनी एर्नेस्टीनची मुलगी रोशेल माझ्या वर्गात आली. नऊ वर्षांची होती.

"बाई, यंदा मी घेऊ आमच्या एझ्रा आजोबांचं नाव? मी पाठ केलंय."

"नको बाळा. तुमच्या घरातून घेत नाहीत."

"का?"

"घरी विचार."

पान तेव्हा माझ्या कपाटात होते. शाळा संपताच रोशेल गाव सोडून गेली आणि जूनमध्ये ती कधीही येत नाही. मला लाज वाटते. रोज वाटते, प्रार्थनेला डोळे मिटले की जास्त वाटते.

ते पान माझ्या मृत्यूनंतर मंचावरून वाचावे, असे मी इथे आधी लिहिले होते. टाइप करता करता कॉर्लिस थांबली.

"म्हणजे मावशी, तू मस्तपैकी पेटीत झोपणार आणि गावाला तोंड दाखवायचं आम्ही?"

"मरणाऱ्या बाईची इच्छा आहे ती."

"इच्छा कसली, पळवाट आहे!"

पोरगी माझ्याच वळणावर गेली आहे. ते वाक्य रद्द समजावे. पान माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे ते मला कोणाला देताही येत नाही. एर्नेस्टीनला या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही, म्हणून ती साक्षीदार होऊ शकते. आज तिला बोलावले आणि वरचे सगळे वाचून दाखवले. ती बसली नाही, पाणीही घेतले नाही.

"बत्तीस वर्षं, बाई?"

"हो."

"माझी आई गेली तेव्हा प्रार्थना तुम्हीच म्हटलीत. कपाटात हे ठेवून?"

"हो."

 मग तिने कॉर्लिसकडे पेन मागितले.

येत्या सोमवारी मी मंचावर पणजोबांचे नाव घेणार नाही. ते पान वाचेन. खालची सही माझीच आहे.

ओडेसा रूथ गॅटलिन
सायप्रस बेंड, गुरुवार, १५ जून २०२३

साक्षीदार पहिला: रूफस टिलरी, डीकन. सही माझ्यासमोर झाली. साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, म्हणून पातेल्यावरचा आणि ओगराळ्यावरचा हक्क सोडला.

साक्षीदार दुसरी: एर्नेस्टीन ब्रॉडनॅक्स. बाई शुद्धीवर आहेत, माझी सही तेवढ्यालाच आहे. माफीला नाही. सोमवारी पान त्यांनी उभं राहून वाचावं. पण त्याआधी, आजच, रोशेलला फोन करून तिच्या "का?"चं उत्तर द्यावं. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय.