डावी किडनी आणि इतर जंगम मालमत्ता

माणसाची डावी किडनी स्थावर मालमत्तेत धरायची की जंगम? चोवीस वर्षं ती जागची हललेली नाही, पण गुरुवारी सकाळी हलणार आहे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तरी याचं उत्तर मला येत नाही. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

मी, खाली सही करणारी, शाळेत खेळ शिकवणारी आणि स्वतः दोनशे मीटर धावणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव आहे तो फक्त लिहू नकोस असा. माझं मन ठिकाणावर आहे. अवयव देणाऱ्यांची तपासणी होते, तीत इस्पितळाने तसा लेखी दाखला दिला आहे. घरात असा दाखला माझ्या एकटीकडे आहे, हे इतरांनी वाद घालताना लक्षात ठेवावं.

मरण्याचा माझा बेत नाही. डॉक्टर म्हणाले, धोका अगदी थोडा. पण अगदी थोडं म्हणजे किती, ते धावणाऱ्याला विचारावं. माझं एक सुवर्णपदक तेवढ्यानेच गेलं आहे.

१. डावी किडनी आईला. आई इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत घड्या घालायच्या कामाला आहे. तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले आहेत. बाबांना मधुमेह, दादाचा रक्तगट जुळत नाही. माझं सगळं जुळलं. शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली, फक्त घेणारी सही करत नाही. राज्य संघाची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे आणि वयाच्या अटीमुळे ती माझी शेवटची. "आधी ती दे, मग बघू," असं आई म्हणते. डॉक्टर म्हणतात, तेवढा वेळ नाही. मी ते सांगितलं तर म्हणाली, "मी काय पळून चाललेय? पळायचंय तुला."

मी टेबलावरच गेले, तर आईने स्वतःला दोष देऊ नये. दिल्यास तो या मृत्युपत्राचा भंग समजावा.

२. रिलेचं बॅटन कॉलेजच्या क्रीडा विभागाला. ते मी परत केलं नव्हतं, हे इथे कबूल करते. त्याची हकीकत अशी. शाळेच्या सुट्ट्यांत मी आईसमोर उभी राहून चादरींच्या घड्या घालायचे. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, आणि एकमेकींकडे चालत यायचं. रिलेत याच्या बरोबर उलट असतं. घेणारीने मागे न बघता पुढे पळत सुटायचं आणि हात तेवढा मागे ठेवायचा. अंतिम फेरीत आमची तिसरी मुलगी धापा टाकत येताना दिसली, आणि मी वळून, दोन्ही हात पुढे करून, चार पावलं तिच्याकडे चालत गेले. आम्ही शेवटून पहिल्या आलो.

कोचसर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, ही शर्यत आहे, लॉन्ड्री नाही."

आई तिथेच बसली होती. घरी येताना ती एवढंच बोलली, "घेतलंस मात्र नीट. पडू दिलं नाहीस."

३. माझा पदवीचा प्रबंध, 'विजेत्या खेळाडूचे बारा गुण', ग्रंथालयाने रद्दीत द्यावा. त्यातल्या प्रत्येक विजेत्याला बूट, आहारतज्ज्ञ आणि टाळ्या आहेत. रद्दीत देववत नसेल, तर शेवटच्या पानावर पुढची दुरुस्ती चिकटवावी.

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आई सातच्या पाळीला हजर असते. "आज राहू दे," म्हटलं, तर म्हणते, "काल चार तास आडवीच होते की." हात थकायला लागले तेव्हा तिला मोठ्या चादरींवरून काढून उशांच्या अभ्र्यांवर बसवलं. खेळात याला संघाबाहेर करणं म्हणतात आणि खेळाडू त्यावर मुलाखती देतात. आईने आठ दिवसांत अभ्र्यांची अशी घडी शोधून काढली, की सुपरवायझरबाईंनी सगळ्यांना ती शिकायला लावली. तिला कोणी चॅम्पियन म्हटलेलं नाही. म्हटलं, तर ती विचारेल, "त्याने काय होतं?"

४. स्टॉपवॉच बाबांना. रोज पहाटे माझी वेळ ते घ्यायचे आणि सांगताना अर्धा सेकंद खायचे. मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ही अफरातफर मी माफ करते.

५. गजराचं घड्याळ दादाला. एकाच सकाळी पाच वेळा हरून सहाव्यांदा तितक्याच उमेदीने झोपणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ही चिकाटी माझ्यात असती, तर मी आज राष्ट्रीय संघात असते.

६. या सगळ्याची अंमलबजावणी लांब मावशीने करावी. ती उंच आहे म्हणून लांब. लॉन्ड्रीत अठरा वर्षं आईच्या चादरीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. परवा मी तिच्याकडे आईची तक्रार घेऊन गेले.

"ती ऐकत नाही, मावशी."

"ऐकणार नाहीच. तू तुझं टोक घट्ट धरून उभी, ती तिचं धरून उभी. घडी कशी पडायची? कोणीतरी आधी चालायला लागतं, बाळा."

हे प्रबंधात नव्हतं.

स्थळ: आमच्या पुढच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल, ज्याचा एक पाय जुन्या वहीवर उभा आहे.
दिनांक: नऊ, मंगळवार.

लिहून देणार: आईची मुलगी (सही)

साक्षीदार पहिले: कोचसर. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं वाचलं, म्हणून त्यांनाच बोलावलं. त्यांनी दोनदा वाचलं, दुसरं कलम तिसऱ्यांदा वाचलं आणि सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: सुपरवायझरबाई. (सही)

सोबत जोडलं आहे: निवड चाचणीतून नाव मागे घेतल्याची पोच. आज सकाळी अकरा वाजता मी स्वतः अर्ज देऊन आले. कारकून म्हणाले, "एकदा काढलेलं नाव पुन्हा घालता येत नाही." मी म्हटलं, "मग शिक्का जरा ठळक मारा, घरी दाखवायचाय."