डाव्या गालाचा रंग

प्रिय स्वाती,

ब्रश मिळाले. इतके महागाचे कशाला पाठवलेस गं? मोहाडीच्या शाळेत चित्रकला शिकवताना पोरांनी टाकून दिलेले ब्रश जमवून मी नोकरी काढली, आणि आता निवृत्तीनंतर हे लाड. गोल टोकाचा फारच गुणी आहे, पाणी धरून ठेवतो. माझ्याच अंगात आता काही धरून ठेवायचं बळ उरलेलं नाही. सकाळी तुझ्या आईला उठवून बसवायचं, तोंड धुऊन द्यायचं, भात मऊ कालवून भरवायचा, डावा हात तेल लावून चोळायचा. शेजारच्या शोभाताई तिला अंघोळ घालायला येतात, तेवढ्या वेळात मी कागद भिजवून फळीवर ताणतो. कधी कधी रंग कालवता कालवताच डोळा लागतो.

लकव्यानंतर आईला खिडकीशी बसवून तिचं चित्र काढायला लागलो ते तिचं मन रमावं म्हणून, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तेवढा वेळ मलाही बूड टेकायला मिळतं. आधी कोरड्या कागदावर नेमक्या रेघा ओढून पाहिल्या. कपाळ, नाक, उजवा गाल जमले. डाव्या गालाशी आलो की हात अडायचा. तो गाल सैल पडलाय, ओठाचा कोपरा खाली आलाय. रेघेत पकडला की कोणी तिची नक्कल केल्यासारखं वाटतं. मग जवळजवळ कोरडा ब्रश घासून पाहिला, तर बाई ऐंशीची दिसायला लागली. ओल्या कागदावर रंग सोडला, तर हनुवटी पार पदरात वाहून गेली. इतकी वर्षं पोरांना जलरंग शिकवले आणि बायकोचा एक गाल जमेना.

तुझ्या पुण्याच्या घरातलं तिचं चित्र आठव. आपल्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षीचं आहे ते. माझी बदली तिकडे होते की काय, या काळजीत आम्ही दोघं होतो. तेव्हा आई पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "काढून घ्या मले आत्ताच, तिकडे गेल्यावर पाहाले होईल." बदली काही झाली नाही, चित्र तेवढं झालं. गेल्या आठवड्यात मी त्याच गालाची चोरी केली. ओठ सरळ केले, गाल वर उचलला. वाटलं, बघून खूश होईल आणि तुलाही पाठवता येईल. तिनं फळी मांडीवर घेतली, उजव्या हातानं पाण्याचा डबा ओढला, पदराचं टोक बुडवलं आणि चेहराच पुसून टाकला. बोलणं तिचं अजून जड आहे, पण हे मात्र स्पष्ट आलं, "हे कोन होय? मी नाही होय हे. पोरीले खोटं कायले दाखवता?" मला असा संताप आला! दिवसभर राबायचं आणि वरून हे. भाताची ताटली तशीच ठेवून मी अंगणात जाऊन बसलो. भात गार झाल्यावर आत आलो आणि भरवला.

परवा तिला पुन्हा बसवलं. आपल्याकडे माग होता तेव्हा गल्लीत ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, पसरून सुताला खळ लावायचो. तू ते पाहिलं नाहीस, माग तुझ्या जन्माआधीच गेला. खळ ओली असेपर्यंतच कुंचा ओढायचा. अर्धवट सुकल्यावर फिरवला की धागे एकमेकांना चिकटून बसतात. माझा बाप ओरडायचा, "सोड आता, हात काढ!" या गालावरून मी तर सारखा हात फिरवत होतो, सुधारणा करत होतो. परवा उजवी बाजू कोरड्यावर नीट काढली आणि डावीकडे नुसतं पाणी फिरवलं. विटकरी तपकिरीत थोडा निळा घालून भरलेला ब्रश डोळ्याखालून हनुवटीपर्यंत एकदाच आणला आणि हात काढला. रंग आपल्या वजनानं उतरत गेला आणि ओठाच्या कोपऱ्याशी थांबला. गाल ढळलेलाच आहे, पण बघवतो. आईनं बराच वेळ पाहिलं आणि पाण्याचा डबा मागितला नाही.

तू रागावलेली आहेस, मला ठाऊक आहे. आई व्हिडिओ कॉलवर येत नाही, बाळाला घेऊन येते म्हटलंस की मी कधी उन्हाचं, कधी तुझ्या बाळंतपणानंतरच्या तब्येतीचं निमित्त काढतो. खरं कारण सांगायचं नाही म्हणून तिनं मला शपथ घातली होती. नातीनं आजीला पहिल्यांदा बघावं आणि भिऊन रडावं, याची तिला धास्ती आहे. त्या धास्तीपायी तिनं अजून बाळाला मांडीवर घेतलेलं नाही. काल ती आपणहून म्हणाली, "हे धाडून द्या. लेकरू भेलं नाही तं घेऊन ये मना तिले." म्हणून चित्र पुठ्ठ्यात घालून सोबत पाठवतोय. बाळाला दाखव. हसली तर लगेच फोन करून आईला सांग. रडली तर सांगू नकोस, पण तिला घेऊन ये. पुढचं मी बघून घेईन. मी एकटा फार थकलोय गं. आणि बाळाचा ओला हात लागून रंग पसरला तर तिला रागावू नकोस. जिचं चित्र आहे ती इथं खिडकीशीच बसलीय.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा