बाराचे थेंब

अमरावती, १७ ऑगस्ट २०२४

ती. अदितीताईंना अनुपमाचा नमस्कार.

उद्या सकाळच्या बसने शुभंकर बाबांना घेऊन तुमच्याकडे अकोल्याला निघेल. बरोबर मुगवड्या दिल्या आहेत. जुईलीची चाचणी परीक्षा संपली, मजेत आहे.

हे पत्र मुद्दाम बाबांच्या दवाखान्याच्या फाइलच्या सगळ्यात वर लावलंय. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत बाबांना ऐकू जाणार नाही असा कोपरा नाही.

बाबांचा मोतीबिंदू काढून आज अकरा दिवस झाले. त्या डोळ्यात आतून सूज यायची जुनी खोड, म्हणून डॉक्टरांनी आधी तीन महिने थांबवलं होतं. ऑपरेशननंतर दर दोन तासांनी थेंब, आणि प्रत्येक वेळी तक्त्यावर खूण. परवापासून त्या डोळ्याने बाबांना ताटातला भात न् पोळी वेगळी दिसत नाही. काल डॉक्टर तक्ता पाहून म्हणाले, "एकही खाडा नाही, तरी सूज वाढतेय. म्हणजे थेंब लागू पडत नाहीत." म्हणून अकोल्याला पाठवताहेत, डोळ्यात इंजेक्शन द्यायला. त्याने डोळ्यातला दाब चढला तर नजर जाऊ शकते, असंही म्हणाले.

ताई, खाडा आहे.

श्रावणात बाबा सकाळी सहा ते बारा सोवळ्यात असतात. बाटली शिवली तर पुन्हा डोक्यावरून आंघोळ हवी, आणि नेमकी तिलाच डॉक्टरांची बंदी. पहिल्या दिवशी मी बाटली घेऊन दाराशी उभी राहिले. बाबा म्हणाले, "सूनबाई, खूण करून टाक. डॉक्टरले काय समजते?"

मी केली. वाद टळला याचं बरंच वाटलं. रोज चार खुणा, दहा दिवस. शुभंकरलाही बोलले नाही.

काल डॉक्टरांनी माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक केलं, तेव्हा बाबा खाली बघत होते. मीही.

आज आठ वाजता सरळ पूजेत गेले. बाबा म्हणाले, "तू शिवली तर आजचा अभिषेक वाया जाईन."

"वाया जाऊ द्या, बाबा. डोळा जाऊन राहिला."

त्यांनी पळी ताम्हणात ठेवली. मग मान वर केली.

खोट्या खुणांभोवती मी लाल पेनने गोल केले आहेत. इंजेक्शनच्या कागदावर सही करण्याआधी तक्ता तिथल्या डॉक्टरांसमोर ठेवा. आजची सहाची जागा कोरी आहे; आठ, दहा, बाराला गोल नाहीत.

उद्या सहाचे थेंब मी टाकेन, आठ आणि दहाचे शुभंकर टाकेल. मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी बाराचे टाका.

खुणा करणारी,
तुमची अनुपमा