नव्या तेलातलं सिलिकॉन

४ नोव्हें., जिंतूर
पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट आला. पाटलांच्या जीपचं तेल मी बदललं अन् आठ दिवसांत इंजिन बसलं. म्हणून गॅरेजच्या उस्तादांनी तेच सिंथेटिक तेल, सीलबंद डबा, तपासायला धाडलं होतं. रिपोर्टाची वाट बघत जीप अजून न खोलता उभी. गॅरेजात इंग्रजी वाचणारा मीच. बीएस्सी दुसऱ्या वर्षातून उठलेला, सरांशी भांडून.
घट्टपणा बरोबर. झिंक, कॅल्शियम भरपूर. लोखंड नाही. आणि सिलिकॉन ९!
सिलिकॉन म्हणजे धूळ. मागं हार्वेस्टरच्या काळ्या तेलाचा रिपोर्ट आला तेव्हा हेच लिहिलं होतं. एअर फिल्टर फाटका निघाला होता.
सीलबंद डब्यात माती. डोकं फिरलं.

४, संध्याकाळ
तेल शिवाकाकांच्या दुकानातलं. वैष्णवीचे वडील. एरवी मला दारात उभं करत नाहीत. दुकान भरलेलं, तिथंच ओरडलो, "काका, लोकायला माती इकायलाव का?"
काका कागदाकडं बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही. मला माहीत होतं. दोन गिऱ्हाइकं उठून गेली. वै. काउंटरमागं. तिच्याकडं बघायला नको होतं.

७ नोव्हें.
वै. तीन दिवस फोन उचलत नव्हती. आज मेसेज: "नवं तेल अन् वापरलेलं तेल एकच का रे? लॅबला विचार."
विचारलं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, नव्या तेलात सिलिकॉन मुद्दाम घालतात, फेस होऊ नये म्हणून. हा आकडा जपून ठेवा. वापरल्यावर याच्यावर जेवढं चढेल, तेवढी धूळ धरा.
"म्हंजी तेल चांगलंय?"
"उत्तम आहे."
पाना भिंतीवर मारला. उस्ताद: "अबे, पाने ने क्या करा तेरेकू?"
जेवलो नाही. तिचा जुना मेसेज काढून बसलो, 'तू रागीट आहेस पण खोटा नाहीस' वाला.

८ नोव्हें.
मग इंजिन कशानं बसलं? उस्ताद नमाजला गेले तसा जीपखाली शिरलो. ऑइल फिल्टर काढला. रबरी रिंगा दोन, हवी एकच. जुनी तिथंच चिकटून राहिलेली, मी न बघता वरून नवा फिल्टर आवळला. सगळं तेल तिथून गळालं.
फिल्टर होता तसा परत लावला. उस्तादांना अजून...

११ नोव्हें.
दुकानात गेलो, गर्दी बघूनच. रिकाम्या दुकानात माफी मागून काय उपयोग. "काका, चुकलो. तेल चोख हाय."
"त्या दिशी तर लय आवाज होता. मागच्यायला ऐकू यायना."
पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. एक म्हातारा हसला, "कालेजात गेलतं म्हणं पोरगं."
काकांनी स्टूल सरकवलं. बस म्हणाले नाहीत.
वै. डबे पुसत होती. म्हणाली, "तेल चांगलं, तर मग जीप कशानं बसली?"
पाटील तिथंच बसलेले. सगळे मान वळवून माझ्याकडं.
"बघायलोय अजून."
"उद्या येतो," पाटील. "माझ्यासमोर खोला."
काका चष्मा पुसत म्हणाले, "मी बी येतो."
वै.नं फडकं ठेवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं, अन् नजर काढली नाही.
मी म्हणालो, या.