चिमीच्या डोळ्यातला ठिपका

ललित,

तुझा फोन लागत नाहीये. आपल्या चिमीला घेऊन वापीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय. तिच्या फोटोत डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसला, तेव्हा तू म्हणालास, "खिडकीची चमक असेल गं, वेडाबाई." म्हणून सकाळी तुझा नवा पोलरायझर, तो चमक घालवणारा फिल्टर, कॅमेऱ्याला लावून तिच्याकडे पाहिलं. हळूहळू फिरवला तशी कपाटाच्या काचेवरची चमक पार गेली. तिच्या डोळ्यातला ठिपका गेला नाही.

फिल्टर लेन्सवरच आहे. मांडवात उजेड कमी पडेल, काढून ठेव. आईंना सांग, चिमीला लस द्यायला गेलेय.

आशागडच्या हळदीचं शूटिंग सोडून येऊ नकोस, असं लिहिणार होते. पण तिकडे स्टुडिओतल्या दिपकला पाठव आणि तू ये.

शितल